उपाशी दांडी

माझ्या मावशीकडे झाडांना उपाशी ठेवायची एक दांडी आहे. हे नव्या माणसाला सांगितलं की तो माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा.

मावशीची नर्सरी आहे. नर्सरी म्हटल्यावर कुणी हिरवळ, कारंजं वगैरे डोळ्यांसमोर आणू नये. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या छापखान्याची भिंत, आणि मधे जी फट उरते ती मावशीची. तिथे जमिनीवर कुंड्या मांडल्या तर मावशीला उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून तिने पहिल्यापासूनच धंदा हवेत नेला. पाइप, साखळ्या, आकडे, जिथे म्हणून काही अडकवता येईल तिथे टांगत्या कुंड्या. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी डोकं आपटतं, मग भाव विचारतं. माझं झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे, बरोबर समोर. त्यामुळे ही डोकी आपटताना बघणं ही माझी दिवसभराची फुकटची करमणूक. मावशी मला 'झेरॉक्स' अशीच हाक मारते. आईने ठेवलेलं नाव तिला आठवतं की नाही, मला शंका आहे.

टांगत्या कुंडीचं दुखणं वेगळं असतं. जमिनीवरच्या कुंडीला खालून गारवा मिळतो. टांगलेलीला चारी बाजूंनी वारा झोडतो, भिंतीवर पडलेलं ऊन उलटून तिच्याच अंगावर येतं, आणि घातलेलं पाणी तळाच्या काथ्यातून गळून खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतं. टपावर बसून प्रवास करायचा आणि तोही आयुष्यभर, असा तो प्रकार. आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं काय, तर "बाहेरच टांगायचंय हो, पण मारूनसुद्धा मरणार नाही असं काहीतरी द्या. आम्हाला बघायला वेळ नाही." मग त्यांना छान रंगीत फूलही पाहिजे असतं, ते वेगळंच.

अशा लोकांसाठी मावशीने दांडी सुरू केली. मागच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला एक जाड लोखंडी पाइप ठोकलाय. दुपारपासून सूर्य त्या भिंतीला चिकटून बसतो तो बुडेपर्यंत हलत नाही. कुठलंही नवं झाड विकायला काढण्याआधी मावशी ते तिथे टांगते. पहिल्या दिवशी भरपूर पाणी. त्यानंतर आठवड्यातून एकदा एक तांब्या, बस्स. ना खत, ना सावली, ना गोड बोलणं. उन्हाळ्यात महिनाभर जगलं तर पास. मेलं तर खताच्या ढिगात. पंक्चरवाल्याने एकदा हरकत घेतली होती, "बाई, पाणी देत नाही तर तहानलेली दांडी म्हणा, उपाशी कशी?" मावशी म्हणाली, "तुम्ही हवा विकता, मी कधी काही बोलले?" त्यानंतर त्याने भाषेच्या भानगडीत लक्ष घातलं नाही.

पण दांडीवरच्या झाडाला त्या तांब्याशिवाय थेंबभर पाणी घालायचं नाही, हा नियम सगळ्या गल्लीला ठाऊक होता. आणि मावशीने ज्याला पास म्हटलं ते टांगत्या कुंडीत जगतं, हेही ठाऊक होतं. तिच्या नर्सरीला पाटी नाही. हा शब्द हीच पाटी.

आता काका.

काका म्हणजे मावशीचे यजमान. मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन होते. उमेदीचा सगळा काळ त्यांनी एका खिडकी नसलेल्या पेटीत, लाकडी स्टुलावर बसून, उजव्या हाताने दांडा ओढत घालवला. मुळात बोलणारे नव्हतेच. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "काका, दिवसभर एवढी माणसं येतात, तुम्ही बोलत का नाही?" तर म्हणाले, "वर जाणारा कशाला चाललाय, आपल्याला काय ठाऊक? बाळ बघायला चाललाय की कुणाला शेवटचं बघायला. 'काय, कसं काय' म्हणायचं तरी कसं?" एवढं मोठं भाषण त्यांनी त्याआधी किंवा त्यानंतर केल्याचं मला स्मरत नाही. माणसाने मजला सांगायच्या आधीच ते त्याला बरोबर मजल्यावर सोडत, असं मात्र हॉस्पिटलातली माणसं अजून सांगतात.

मग बटणांची लिफ्ट आली. समारंभ झाला, हार घातला, आणि निरोपाची भेट म्हणून त्यांना त्यांचंच स्टूल दिलं. कल्पना कुणाची होती कोण जाणे. काकांनी ते उचललं, घरी न जाता थेट नर्सरीत आले, फाटकाशी ठेवलं आणि त्यावर बसले.

ते बसले ते बसलेच.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, दमलेत, बसू दे. मग वाटलं, रुसलेत. मग काहीच वाटेनासं झालं. सकाळी मावशीच्या मागोमाग यायचे, संध्याकाळी तिच्या मागोमाग जायचे, मधला सगळा वेळ स्टुलावर. समोरच्या रस्त्याकडे तोंड, पण रस्ता बघतायत असंही नाही. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. काहीही विचारलं तरी "हं." होकाराचा "हं" आणि नकाराचा "हं" यात फरक असतो म्हणे, मावशी सोडून तो कुणाला कळत नसे, आणि पुढे पुढे मावशीही ओळखायचा प्रयत्न करेनाशी झाली.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. "यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण यांना उठवा. असेच बसून राहिले तर पाय चालायचं विसरतील. मग मात्र आमच्या हातात काही राहणार नाही." आणि खरंच, विजारीतले काकांचे पाय काठ्यांसारखे दिसायला लागले होते.

मावशीने काय काय केलं नाही! दूध आणायला धाडलं. फाटकापर्यंत जाऊन परत येऊन बसले. गल्ल्यावर बसवलं, गिऱ्हाईक आपल्या हाताने सुटे घेऊन गेलं. एकदा तिने स्टूलच लपवलं. काका जिथे स्टूल असायचं त्या जागेशी दुपारपर्यंत उभे राहिले. शेवटी तिनेच मुकाट्याने ते आणून ठेवलं. त्या दिवसापासून तिने हात टेकले.

"आता बसू दे," एवढंच म्हणाली. चिडून नाही, रडून नाही. माती संपली, उद्या आणायला हवी, अशा आवाजात. मावशी रडणाऱ्यातली नाहीच. पण आधी ती पंक्चरवाल्याशी भांडायची, गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायची. ते हळूहळू आटत गेलं. फटीतल्या त्या नर्सरीत दोन माणसं दिवसभर असायची आणि आवाज यायचा तो फक्त काथ्यातून ठिबकणाऱ्या पाण्याचा.

अशात हॉस्पिटलचं काम आलं. तेच हॉस्पिटल. मेट्रनबाई स्वतः आल्या, डोकं आपटून आत शिरल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यात वरच्या मजल्यावर उघडा सज्जा आहे. पेशंट दिवसभर नुसता समोरचा पत्रा बघत पडलेले असतात. तिथे टांगत्या कुंड्या लावायच्यात. पण एक सांगते, ऊन जाळतं, वारा तर विचारू नका, आणि पाणी घालायला माणूस नाही. आठवड्याला सफाईवाले घालतील तेवढंच."

"मग दांडीवरचीच द्यावी लागतील," मावशी म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडे आले. आणि रंग हवा हं. पांढरं बघून बघून डोळे गेलेत सगळ्यांचे."

जाताना त्या स्टुलापाशी थांबल्या. "ओळखलंत का? मी मेट्रन. मला रोज चौथ्यावर सोडायचात."

काका म्हणाले, "हं."

तर त्या उन्हाळ्यात दांडी भरली. मावशीने आपल्या माहितीतली एकजात चिवट मंडळी टांगली: जाडजूड पानांचं सेडम, सकाळी फुलून दुपारी मिटणारा चिनी गुलाब, जांभळ्या पानांची वेल, आणि घाणेरी. नाव तसंच आहे, त्याला मी काय करू? कुंपणावर आपोआप उगवते, पानं चुरगाळली की वास मारतात, पण फुलं रंगीत आणि फांद्या छान खाली झुकतात. शिवाय मेट्रनबाईंच्या रंगासाठी म्हणून मावशीने पेटुनिया, व्हर्बेना आणि आयव्हीचा वेल असे काही नाजूक उमेदवारही लावले. "ही पहिल्या आठवड्यातच नापास होणार," ती मला म्हणाली, "पण परीक्षेला बसू तर देऊ."

आणि निकाल सगळा उलटा लागला.

सेडम आधी पिवळं पडलं, मग बुडाशी काळं होऊन गळून पडलं. चिनी गुलाबही त्याच वाटेने गेला. जांभळी वेल लांबच लांब, फिकट आणि लुळी झाली. आणि पेटुनिया? पेटुनिया अशी काही फुलली, जणू लग्नघर. व्हर्बेनाचं तेच. आयव्हीने तर हातपाय पसरून दांडीच व्यापली. घाणेरी तेवढी होती तशी होती. ती कशानेच हलत नाही.

"मावशी, हे सेडम कसं गेलं गं?" मी विचारलं. "याला तर पाणी लागतच नाही ना?"

"वाण खराब असेल."

"आणि पेटुनिया?"

"वाण चांगलं असेल."

आता मला वाटतं, तिने तेव्हाच थांबायला हवं होतं. पण तिला रंग हवा होता. गेले कितीतरी महिने तिच्या आयुष्यात जे काही घडत होतं ते खाली मान घालणारं होतं; एक गोष्ट वर मान काढून फुलली तर तिच्यावर शंका कोण घेईल? घाणेरी तिने बाजूला ठेवली. "हॉस्पिटलात घाणेरी लावली म्हणून सांगू का लोकांना?" म्हणाली. पेटुनिया, व्हर्बेना आणि आयव्ही पास झाली, आणि वरच्या सज्जात एक रांग नमुना म्हणून टांगली गेली. ती टिकली तर सगळ्या मजल्यांचे सज्जे मावशीचे.

आठवडाभराने निरोप आला, येऊन बघून जा.

मी दुकान शेजाऱ्यावर सोपवून तिच्याबरोबर गेलो. लिफ्टमध्ये शिरलो तशी कुठूनशी एक बाई गोड आवाजात म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे."

मावशी दचकली. "कोण बोललं?"

"रेकॉर्ड केलेली बाई आहे. मजले तीच सांगते."

"अस्सं." मावशीने इकडेतिकडे पाहिलं. स्टूल जिथे असायचं त्या कोपऱ्यात आरसा लावलेला होता. त्यात आम्ही दोघं दिसत होतो. "ही बरीच बोलते," ती म्हणाली.

सज्जात कुंड्यांची रांग होती. त्यात झाडं होती असं म्हणवत नाही. पेटुनियाची पानं कागदासारखी वाजत होती. आयव्ही नुसता सुतळीचा गुंता. खाटेवरचा एक म्हातारा पेशंट उशीवरून म्हणाला, "बाई, आम्हाला बरं वाटावं म्हणून लावलंत ना हे? आता मला वाटतंय, त्या मानाने माझी तब्येत ठणठणीत आहे." शेजारच्या खाटा हसल्या. मावशी हसली नाही.

मेट्रनबाई भल्या होत्या. आवाज चढवला नाही. "सफाईवाल्यांनी पाणी घातलं होतं, मी स्वतः पाहिलं," म्हणाल्या. "मग असं कसं झालं?"

"माझी निवड चुकली," मावशी म्हणाली.

"तुमची?"

"माझी. दांडीवर जगली होती. इथे नाही जगली. दांडी माझी, शब्द माझा."

मेट्रनबाईंनी कुंडीतलं एक वाळकं पान तोडलं. "अजून एकदा बघा," म्हणाल्या. "मला दुसरं कुणी ठाऊक नाही. पण या वेळी मेली तर मात्र मला प्लास्टिकची आणावी लागतील."

परत आल्यावर मावशी सरळ मागे गेली. खताच्या ढिगातून सेडमचा वाळका गड्डा उपसून काढला, मुळं हाताने फोडली, नाकाशी नेली. मग माझ्या नाकाशी धरली. कुजका, आंबट वास.

"उपाशी माणूस अजीर्णाने मेला, असं कधी ऐकलंयस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

"हे पाण्याने मेलंय. भरपूर पाण्याने. रोजच्या."

मग तिने खाली पाहिलं आणि मीही पाहिलं. पाणी न घालायच्या दांडीखालची जमीन ओली होती. त्या ओल्या मातीत बोटभर खोल, गोल गोल खड्डे होते. चार इथे, चार जरा पुढे, चार आणखी पुढे. प्रत्येक कुंडीखाली चार.

फाटकाशी काका स्टुलावर बसले होते. स्टुलाच्या पायांना बोटभर माती लागलेली होती. इतके दिवस आम्ही त्या माणसाकडे बघत होतो. स्टुलाच्या पायांकडे कोण बघतो?

मावशीने गड्डा ढिगात टाकला आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा झाल्यावर, रोजच्यासारखी पाठ टेकायला घरी जाते म्हणून निघाली आणि वळसा घालून माझ्या दुकानाच्या गच्चीवर येऊन बसली. मीही गेलो. वरून मागची भिंत सबंध दिसते.

रस्ता सुस्तावला; एरवी या वेळी मीही दुकानात डुलक्या घेत असतो. पंक्चरवाला टायरवर डोकं ठेवून आडवा झाला. मग काका उठले. एका हाताने गुडघा धरून, थांबून, मग दुसरा गुडघा. स्टूल उचललं. नळाखाली झारी भरली. मागे गेले, स्टूल पहिल्या कुंडीखाली ठेवलं, वर चढले. चढले! आम्ही दोघंही अर्धवट उठलो, पडतील म्हणून. नाही पडले. पाणी घातलं, उतरले, स्टूल पुढे सरकवलं, पुन्हा चढले. एकही कुंडी त्यांनी वगळली नाही. मग झारी जागेवर, स्टूल जागेवर, आणि स्टुलावर स्वतः. तोंड रस्त्याकडे.

"रोज करत असतील?" मावशीने विचारलं.

"खड्डे बघता रोज."

"आणि स्टूल परत जागेवर ठेवतात."

"हो."

ती पाण्याच्या टाकीला टेकून बसली. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. खूप दिवस न वापरलेली खोली उघडावी आणि आत दिव्याचं बटण कुठल्या भिंतीला आहे तेच आठवू नये, तसं काहीतरी.

मी आपलं व्यवहाराचं बोललो. "मेट्रनबाईंना खरं काय ते सांगून टाक. तुझी चूक नव्हती."

"काय सांगू? आमच्या ह्यांनी झाडांना पाणी घातलं म्हणून? असं गाऱ्हाणं कुणी घेऊन जातं का?"

"मग काकांना तरी सांग. दांडीला पाणी घालू नका म्हणावं."

माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी विषय सोडून टाकीकडे बघायला लागलो.

मग तिने तोडगा काढला तो असा. दांडी होती तशी ठेवायची. तिच्यावर मुद्दाम नेची, म्हणजे फर्न, टांगायची, एक दिवस पाणी चुकलं तरी माना टाकणारी. आणि खरी परीक्षा माझ्या गच्चीवर घ्यायची, गुपचूप. कपडे वाळत घालायच्या पाइपाला सेडम, चिनी गुलाब, जांभळी वेल असं सगळं नव्याने टांगलं. कुंड्या मीच रस्ता ओलांडून नेल्या. नेताना काकांच्या समोरूनच नेल्या, कारण दुसरी वाटच नाही. तोंड रस्त्याकडे होतं, पण ते बघत नाहीत असं आम्हाला वाटत होतं.

नेची रोज टवटवीत असायची. मावशी घरून आली की आधी मागे जाऊन त्यांच्या मातीला बोट लावायची. ओलं बोट पदराला पुसायची आणि कामाला लागायची. ह्या विषयावर त्या दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही.

मग एके दिवशी चहाच्या वेळी, मी दोन घोट घ्यायला तिकडे गेलो असताना, काका म्हणाले, "वरच्यांना कोण देतं?"

मावशीचा कप अर्ध्यात थांबला. "काय?"

"पाणी."

"वरच्यांना म्हणजे?"

काकांनी हनुवटीने रस्त्यापलीकडे, माझ्या गच्चीकडे दाखवलं. तेवढंच. उत्तराची वाट पाहिली नाही. लिफ्टमन माणूस, किती जण वर नेले आणि किती खाली आले, याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप होत असावा.

"देतो हा झेरॉक्स," मावशी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. काकांना आधीपासून ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुणाच्यातरी भाडेकराराच्या पाठपोट प्रती काढत होतो. काचेतून पाहिलं तर स्टूल रस्ता ओलांडत होतं. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात झारी, आणि मधे काका. एक टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "आजोबा, संसार घेऊन कुठे?" काका त्याच्याकडे न बघता पुढे आले.

मी दारात गेलो. "काका, कुठे निघालात?"

"वर."

माझ्या गच्चीला बाहेरून लोखंडी जिना आहे. आयुष्यभर माणसांना वर पोचवलेल्या या गृहस्थाला जिना चढताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ते चढायला लागले. स्टूल कठड्यावर आपटत होतं, झारीतलं पाणी सांडत होतं. वळणावर सपाट जागा आहे तिथे ते थांबले. दम लागला असेल. पण थांबले ते बाजूला सरून, भिंतीला पाठ लावून, जणू कुणाला उतरू देतायत. मग पुढे.

कोपऱ्यावर मावशी उभी होती. आज घरून लवकर निघालेली. हातात रिकाम्या डब्याची पिशवी. मी धावत गेलो.

"मावशी, अडवू का? सगळी मेहनत जाईल. आज त्यांनी पाणी घातलं तर परीक्षा संपली."

"संपली," ती म्हणाली.

"अगं, अजून पोचले नाहीत. मी पटकन जाऊन..."

"थांब जरा."

आम्ही उभे राहिलो. वर स्टूल ठेवल्याचा आवाज झाला. थोडा वेळ काही नाही. मग गच्चीच्या कडेवरून पाणी ओघळायला लागलं आणि माझ्या दुकानाच्या पाटीवर ठिबकलं. मग स्टूल सरकल्याचा आवाज. पुन्हा पाणी.

"मेट्रनबाईंना काय सांगणार?" मी विचारलं.

"घाणेरी घ्या म्हणणार." ती वरच बघत होती. "पाणी नाही घातलं तरी मरत नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं. ह्यांनी घातलं तरी मरत नाही, हे आता ठाऊक झालं. आणखी काय पाहिजे? सज्जाभर तीच लावू. रंगही आहे तिला."

"आणि नाव विचारलं तर?"

"घाणेरीच सांगू. त्या म्हाताऱ्याला हसायला होईल तेवढंच."

स्टूल आणखी एकदा सरकलं. शेवटची कुंडी असावी.

"पण पुढच्या वेळचं काय?" मी म्हटलं. "बाकीच्या झाडांची परीक्षा कुठे घेणार? दांडी गेली, गच्ची गेली."

मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मातीची गाडी कधी येणार हे विचारावं, त्याच आवाजात म्हणाली, "त्या तुझ्या मित्राचं घर आहे ना, बाजाराच्या पलीकडे? तिथे टांगू. नेताना ह्यांच्या समोरूनच ने."

"तिथे? अगं, केवढं लांब आहे ते."

"असू दे," मावशी म्हणाली. "जिना आहे ना त्याच्याकडे?"